घाट, गिअर आणि नववीचा 'कार्य आणि ऊर्जा'

नववीच्या विज्ञानात 'कार्य आणि ऊर्जा' हा धडा आहे. तो सुरू झाला की दरवर्षी वर्गात एक वाक्य हमखास ऐकू येतं : "सर, गिअरच्या सायकलीला काम कमी पडतं." रोजच्या बोलण्यात हे बरोबर आहे, पण धड्याच्या भाषेत चूक आहे. नुसतं सूत्र लिहून हा फरक मुलांच्या गळी उतरत नाही. म्हणून दिवाळीच्या सुट्टीतली आमची एका दिवसाची सायकल सहल मी आता या धड्याला जोडून शिकवतो. शिक्षक मित्रांना तिचा उपयोग होईल. मुलांना सायकल घेऊन द्यायच्या विचारात असलेल्या पालकांनीही जरूर वाचावं.

आम्ही चौघे मित्र. निवृत्तीला आलेले गणिताचे सर, पोस्टातला एक मित्र, एक किराणा दुकानदार आणि मी. मार्ग ठरला तो असा : सातारा, पाचवड, वाई, पसरणी घाट, पाचगणी, महाबळेश्वर आणि मग केळघर घाटाने मेढ्यावरून परत सातारा. सगळं मिळून सुमारे १२० किलोमीटर. हा मार्ग भूगोलाच्या तासालाही चालतो. जाताना वाईपासून कृष्णेचं खोरं सोबतीला असतं, येताना वेण्णेचं. दोन्ही नद्या महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावतात आणि साताऱ्याजवळ संगम माहुलीला भेटतात. नकाशावर दोन्ही नद्या दोन रंगांनी रंगवायला सांगा. महाबळेश्वरहून मेढ्याला का उतरावं लागतं, हे मुलं आपणच सांगतात.

पहाटे साडेपाचला निघालो. वाईपर्यंतचे ३५ किलोमीटर गप्पांत गेले. वाईत ढोल्या गणपतीला हात जोडले, मिसळ खाल्ली. दुकानदार मित्र मात्र खायला तयार नव्हता. "भरल्या पोटी घाट चढवत नाही," म्हणाला आणि अर्धा कप चहावर थांबला.

आता गणित. वाई समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटरवर आहे, पाचगणी सुमारे १३०० मीटरवर. मधला पसरणी घाटाचा रस्ता साधारण १२ किलोमीटर. म्हणजे १२,००० मीटर चालून ६०० मीटर वर जायचं, दर १०० मीटरला ५ मीटर. हाच डोंगर सरळ चढायचा म्हटलं तर पायी माणसालाही धाप लागेल. रस्ता वळणं घेत लांब होतो म्हणून चढ सौम्य होतो. घाटातली वळणं म्हणजे रस्त्यालाच बसवलेला गिअर! वळणाच्या आतल्या कडेने मात्र चढ एकदम उभा होतो, हे पायांना लगेच कळतं.

सायकलसह माझं वजन ८५ किलो धरा आणि गुरुत्व त्वरण १०. मग ८५ × १० × ६०० = ५ लाख १० हजार ज्यूल. पाचगणीला पोचायचं तर एवढं कार्य कुठल्याही सायकलीवर करावंच लागतं, गिअर असो वा नसो. मग गिअर करतो काय? माझ्या सायकलीच्या सर्वांत हलक्या गिअरला पुढे ३० दाते, मागेही ३०. पायडलच्या एका फेऱ्यात चाकाचा एक फेरा, म्हणजे सुमारे २.१ मीटर. पुढे ४४ आणि मागे १८ दाते असलेली साधी सायकल घेतली, तर एका फेऱ्यात सुमारे ५.१ मीटर. हिशेब केला तर माझे घाटात सुमारे ५,७०० फेरे, साध्या सायकलीचे २,३४० च्या आसपास. माझे फेरे जवळजवळ अडीचपट, पण प्रत्येक फेऱ्याला लागणारा जोर तितकाच कमी. बल कमी झालं, पायाने कापायचं अंतर वाढलं, गुणाकार तोच राहिला. फळ्यावर हे आकडे मांडले की मागच्या बाकावरूनही "अच्छा!" येतं.

घाट लागला तसा दुकानदार मित्र पुढे सटकला. चौघांत तोच तरुण आणि तब्येतीने दणकट. गणिताचे सर त्यांच्या ताशी ७ किलोमीटरच्या चालीने मागून येत होते. "दमानं चला, घाट काय पळून जातोय व्हय?" हे त्यांचं पालुपद. डावीउजवीकडे वळताना खाली धोम धरणाचं पाणी दिसायचं, तेवढ्यासाठीही ते थांबत.

पाचगणी अडीच-तीन किलोमीटर राहिली असताना मित्र कठड्याला टेकून बसलेला दिसला. सायकल आडवी पडलेली. कपाळावर गार घाम, हात थरथरत होते आणि बोलणं तुटक. डोळ्यांपुढे अंधारी आली म्हणाला. खाली दरी, शेजारून गाड्या जाताहेत. याच अवस्थेत तो आणखी शंभर पावलं सायकलीवर गेला असता तर, या विचाराने मला आजही कसंतरी होतं.

त्याला आधी रस्त्यापासून बाजूला सावलीत नेलं. गूळ, दोन केळी आणि मीठ-साखर-लिंबाचं पाणी घोटघोट दिलं. वीसेक मिनिटांनी चेहऱ्यावर रंग आला. "तुम्ही व्हा पुढं, मी टेम्पोत सायकल घालून येतो," तो म्हणाला. सर म्हणाले, "घालायच्या तर चौघांच्या घालू. आधी शेंगदाणे संपव." पाऊण तास तिथेच बसलो. तो पूर्ण सावरल्यावर निघालो, ते सर पुढे आणि कुणीही त्यांना ओलांडायचं नाही या अटीवर.

हा प्रसंग मी वर्गात सांगतो, कारण 'शक्ती' इथेच कळते. ताशी ७ च्या चालीने १२ किलोमीटरला पावणेदोन तासांच्या आत-बाहेर लागतात. ५ लाख १० हजार ज्यूलला तेवढ्या सेकंदांनी भागलं तर सुमारे ८२ वॅट. ताशी ११ ने गेलं तर १३० वॅट. कार्य तेच, वेळ कमी, म्हणून शक्ती जास्त. शिवाय स्नायूंनी वापरलेल्या ऊर्जेतला जेमतेम पाव हिस्सा पायडलला मिळतो, बाकीची उष्णता होते. म्हणजे नुसत्या उंचीसाठी शरीराचा खर्च सुमारे २० लाख ज्यूल, जवळजवळ ४९० किलोकॅलरी. एका मध्यम केळ्यात साधारण १०० किलोकॅलरी असतात. पाच केळ्यांचा घाट अर्ध्या कप चहावर कसा चढणार? आणि ती सगळी उष्णता घामावाटे बाहेर टाकायची तर अर्ध्या लिटरहून जास्त पाणी लागतं. तहान लागायची वाट न बघता दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन घोट प्यायचे ते यासाठी.

पालकांचा प्रश्न असतो, "मुलांना घाटात सोडावं का?" माझं मत स्पष्ट आहे. चढाची भीती बाळगू नका, उताराची बाळगा. महाबळेश्वरला जेवून आम्ही केळघर घाट उतरलो तेव्हा सकाळी कमावलेली जवळपास तेवढीच ऊर्जा परत करायची होती. ती काही हवेत जाते, बाकीची ब्रेकमध्ये उष्णता होऊन. सतत ब्रेक दाबून धरला की रिम तापते, रबर झिजतं. म्हणून दाबा, सोडा, पुन्हा दाबा, दोन्ही ब्रेक मिळून आणि वळणाच्या आधी. मध्ये एकदा थांबलो तेव्हा रिमवर पाण्याचे थेंब टाकले, ते पाहता पाहता सुकले. मुलांना हे करून दाखवताना रिमला बोट लावू देऊ नका.

मेढ्यात अंधार पडायच्या आत पोचलो. दुकानदार मित्राने तिथे भजी मागवली, दोन प्लेट, एकट्यासाठी.

गृहपाठ म्हणून मी एवढंच देतो : घरातल्या सायकलीचे पुढचे-मागचे दाते मोजा, चाकाचा घेर दोऱ्याने मोजा आणि शाळेपर्यंत पायडलचे किती फेरे होतील ते आधी गणिताने काढा. मग प्रत्यक्ष मोजा. दोन्ही आकडे जुळत नाहीत. का जुळत नाहीत, यावर दुसऱ्या दिवशीचा तास रंगतो. उतारावर पायडल न मारता किती अंतर गेलो, हे सांगायला मुलं विसरलेली असतात.