पीठ संपायच्या आधी दळण: आपलं उपकेंद्र चालतं कसं ठेवायचं



हा पाठ मासिक बैठकीत एकीने मोठ्याने वाचावा, बाकीच्यांनी ऐकावा. वाचायला सुरुवात करण्याआधी आपल्या गटाचं कर्ज रजिस्टर समोर घ्या. गेल्या वर्षभरातल्या कर्जांपुढे 'कारण' या रकान्यात काय काय लिहिलंय ते बघा. बियाणं, शेळी, शिलाई मशीन, मुलांची फी. आणि 'दवाखाना' किती वेळा आलाय? तेवढी कर्जं मोजा, त्यांची बेरीज एका कागदावर लिहून ठेवा. शेवटी त्या कागदाकडे परत येऊ.

शेळीसाठी घेतलेलं कर्ज पिल्लं देतं. दवाखान्याचं कर्ज काही देत नाही, हप्ता मात्र भरावाच लागतो.

गोळी चुकली की काय होतं?

समजा, आपल्या गटातल्या एका ताईला बीपी आहे. उपकेंद्रातून महिन्याच्या गोळ्या फुकट मिळतात, ती रोज एक घेते. एका महिन्यात ती गेली तर गोळ्या संपलेल्या. "पुढच्या आठवड्यात या," असं सांगितलं. पुढच्या आठवड्यात खुरपणीची घाई, जायचं म्हणजे दिवसाची मजुरी बुडणार. शिवाय तिला काही त्रासही होत नाही. बीपी दुखत नाही, तिथेच माणूस फसतो. "बरं वाटतंय की," म्हणून गोळी सुटते. मग काही महिन्यांनी एका सकाळी तोंड वाकडं होतं, हात उचलत नाही. तालुक्याला न्यायचं तर गाडीभाड्यापासून खर्च सुरू. आणि गटाच्या रजिस्टरमध्ये एक ओळ वाढते: कारण, दवाखाना.

यात सिस्टरचा दोष आहे असं म्हणून भांडायला जाऊ नका. जे वरून आलंच नाही, ते ती कुठून देणार? खरा प्रश्न असा, की गोळ्या संपत आल्यात हे वेळेवर कुणी पाहिलं होतं का?

उपकेंद्रात काय मिळायला हवं?

साधारण ५,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असतं; डोंगरी आणि आदिवासी भागात ३,००० मागे एक. पूर्वी तिथे मुख्यतः लसीकरण आणि गरोदर बायांची तपासणी होई. आता बऱ्याच उपकेंद्रांवर 'आयुष्मान आरोग्य मंदिर' अशी पाटी लागली आहे. तिथे आरोग्य सेविकेबरोबर समुदाय आरोग्य अधिकारी असतात, ज्यांना आपण सीएचओ म्हणतो. ३० वर्षांवरच्या प्रत्येकाची बीपी आणि साखर तपासणं, तोंडाच्या, स्तनाच्या आणि गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरची शंका आली तर वेळीच पुढे पाठवणं, आणि फोनवरून मोठ्या डॉक्टरांचा सल्ला मिळवून देणं ही त्यांची कामं आहेत.

आपली जागा कुठे?

अशा प्रत्येक उपकेंद्रासाठी जन आरोग्य समिती असते. सरपंच तिचे अध्यक्ष, सीएचओ सचिव. आशाताई असतात, आणि महिला बचत गटाच्या प्रतिनिधीलाही तिथे जागा आहे. पहिलं काम हेच: आपल्या गावातून समितीवर कोण आहे ते विचारा. नाव कागदावर असेल आणि त्या ताईलाच माहीत नसेल, तर ती जागा असून नसल्यासारखी.

"आम्हाला त्यातलं काय कळतं?" असं म्हणू नका. दवाखाना चालता ठेवायला जे लागतं, ते आपण पंचसूत्रीत शिकलोय. ठरलेल्या दिवशी बैठक, नोंद आणि सगळ्यांसमोर हिशेब. तीन गोष्टींवर लक्ष ठेवा.

१) साठा. डब्यात आठ दिवसांचं पीठ उरलं की आपण दळण टाकतो, तळ दिसायची वाट बघत नाही. गोळ्यांचंही तसंच. धरून चला, उपकेंद्राकडे बीपीचे ४० रुग्ण आहेत आणि प्रत्येकाला रोज एक गोळी लागते. ४० गुणिले ३०, म्हणजे महिन्याला १,२०० गोळ्या. मागणी पाठवल्यावर माल यायला महिना लागत असेल, तर १,२०० उरल्यावर मागणी करून भागणार नाही. एक दिवस जरी उशीर झाला तरी कपाट रिकामं. म्हणून वर १५ दिवसांच्या ६०० धरा. कपाटात १,८०० गोळ्या उरल्या की मागणी गेलीच पाहिजे. समितीच्या बैठकीत एवढंच विचारा: "रोजच्या गोळ्या किती दिवस पुरतील?" हा प्रश्न दर महिन्याला विचारला गेला, की उत्तर तयार ठेवायची सवय लागते. कमी पडत असतील तर समितीच्या ठरावाने प्राथमिक आरोग्य केंद्राला लेखी कळवा आणि पोच घ्या.

२) पैसा. उपकेंद्राला वर्षाला ५०,००० रुपयांपर्यंत अबंधित निधी मिळू शकतो. गळका नळ, गेलेला बल्ब, तपासणीच्या खाटेला पडदा, साफसफाई, तातडीचं किरकोळ साहित्य यासाठी तो असतो, पगारासाठी नाही. पडदा ही छोटी गोष्ट वाटेल. पण आडोसा नसेल तर कुठली बाई तपासायला झोपेल? वर्षात किती आले, कशावर गेले, किती उरले, हे गटाच्या हिशेबासारखं बैठकीत वाचून दाखवायला सांगा.

३) वेळ. आपण कामावर असतो तेव्हाच दवाखाना उघडा असेल, तर तो आपल्यासाठी बंदच. बीपी-शुगरच्या गोळ्या वाटायचा एक ठरलेला दिवस मागा; बाजाराचा दिवस सोयीचा असेल तर तो सुचवा.

एक पथ्य

आपण गोळ्या मोजायच्या, माणसं नाही. कुणाला काय आजार आहे हे विचारायचं नाही, कळलं तर पारावर बोलायचं नाही. आणि कुणाची गोळी बदलायचा किंवा बंद करायचा सल्ला आपण द्यायचा नाही. ते काम सीएचओ आणि डॉक्टरांचं.

हे जमतं का?

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली काम सुरू केलं. त्यांनी गावागावातल्या बायांना आरोग्याचं शिक्षण दिलं. त्यातल्या कितीतरी जणींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या जामखेडला येऊन शिकायच्या आणि शिकलेलं गावात जाऊन सांगायच्या. गरोदर बाईची काळजी, बाळाचं वजन, जुलाब झाले तर मीठ-साखरेचं पाणी, हे सगळं त्यांनी गावात रुजवलं. ते काम बघायला पुढे परदेशातून लोक आले. आपल्याकडे तर आज गट आहे, समितीत जागा आहे आणि हिशेब लिहिणारी सीआरपी ताईही आहे.

पुढच्या बैठकीपर्यंत

– जन आरोग्य समितीवर आपल्या गावची कोण आहे ते शोधा. कुणीच नसेल तर ग्रामसंघात नाव ठरवून सरपंचांना लेखी द्या.
– गटातल्या ३० वर्षांवरच्या प्रत्येकीने बीपी तपासून घ्या. एकत्र गेलात तर कुणाचीच टाळाटाळ होणार नाही.
– ज्यांना रोज गोळी आहे, त्यांनी ८ दिवसांच्या उरल्या की जायचं. एकीने दुसरीला आठवण करायची.

आता तो कागद घ्या. त्यावरची बेरीज मोठ्याने वाचा आणि कागद रजिस्टरमध्ये जपून ठेवा. सगळी आजारपणं काही टळणार नाहीत. पण पुढच्या वर्षी याच महिन्यात पुन्हा बेरीज करा. त्यातलं एक जरी कर्ज कमी झालं, तरी एका घराची शेळी विकायची राहिली असं समजा.