ऊन मोजणाऱ्यांचं करिअर

नीटचा निकाल लागला की दरवर्षी घरोघरी तीच घालमेल सुरू होते. मार्क बरे आहेत, पण सरकारी एमबीबीएसला पुरणार नाहीत. खासगी कॉलेजची फी झेपणार नाही. मग बीडीएस, बीएएमएस, फिजिओथेरपी, की एक वर्ष ड्रॉप? या सगळ्या चर्चेत सार्वजनिक आरोग्य हा पर्याय कुणाच्या तोंडी येत नाही. कुणी सुचवलाच, तर पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘याला स्कोप काय?’

प्रश्न रास्त आहे. पण त्याचं उत्तर कोर्सची यादी वाचून मिळत नाही. आजार होऊ नये म्हणून काम करणारी माणसं सकाळी ऑफिसात जाऊन नेमकं करतात काय, हे आधी कळायला हवं. ते समजून घ्यायला त्वचेच्या कर्करोगाच्या प्रतिबंधासारखं दुसरं उदाहरण नाही. आजाराचं मुख्य कारण माहीत आहे, उपाय करून पाहिला आहे, तो लोकांच्या गळी उतरवला आहे, कायदेही झाले आहेत. हे सगळं प्रामुख्यानं ऑस्ट्रेलियात घडलं, म्हणून थोडा वेळ तिकडे जाऊ.

युरोपातून आलेली गोऱ्या कातडीची माणसं ऑस्ट्रेलियाच्या कडक उन्हात स्थायिक झाली आणि त्याची किंमत त्यांच्या त्वचेनं मोजली. तिथं सत्तरी गाठेपर्यंत दर तिघांपैकी दोघांना त्वचेचा कुठला ना कुठला कर्करोग होतो. १९८१ साली व्हिक्टोरिया राज्याच्या कर्करोग परिषदेनं सिड नावाचा एक कार्टून समुद्रपक्षी टीव्हीवर नाचवला. त्याचं सांगणं सोपं होतं : अंगात शर्ट घाला, सनस्क्रीन लावा, डोक्यावर टोपी चढवा. १९८८ मध्ये त्यातून ‘सनस्मार्ट’ हा कायमस्वरूपी कार्यक्रम उभा राहिला. ‘टोपी नाही तर मैदानावर खेळ नाही’ हा शाळांचा नियम झाला. त्वचा कृत्रिमरीत्या सावळी करून देणारी सोलारियम २०१५ उजाडेपर्यंत तिथल्या बहुतेक राज्यांत बंद झाली. आज तिथल्या तरुण पिढीत मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगाचं प्रमाण उतरलेलं दिसतं.

पण सनस्क्रीननं कर्करोग खरंच टळतो का? उन्हानं कर्करोग होतो हे माहीत होतं, मलमानं तो थांबतो हे कुणी माणसांवर सिद्ध केलं नव्हतं. ते काम क्वीन्सलँडमधल्या नॅम्बर या छोट्या गावात झालं. साथरोगतज्ज्ञ ॲडेल ग्रीन आणि त्यांच्या चमूनं १९९२ मध्ये गावातल्या १,६२१ प्रौढांना अभ्यासात घेतलं आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे गट पाडले. एका गटानं रोज सकाळी डोकं, मान, हात यांना सनस्क्रीन लावायचं. दुसऱ्यानं आपापल्या सवयीप्रमाणे वागायचं. दुसऱ्या गटाला खोटं मलम का दिलं नाही? कडक उन्हाच्या गावात सनस्क्रीनच्या नावाखाली साधं क्रीम लोकांच्या हाती देणं नीतीला धरून झालं नसतं. हा निर्णयही संशोधकाच्या कामाचाच भाग असतो. प्रवेश परीक्षेत असला प्रश्न येत नाही, नोकरीत मात्र रोज येतो.

लोक रोज मलम लावतात हे कळणार कसं? विचारलं तर सगळेच ‘हो’ म्हणतात. म्हणून सनस्क्रीनच्या बाटल्या परत घेऊन त्यांचं वजन केलं जाई. किती मलम संपलं ते काट्यावर दिसे. त्वचा किती म्हातारी झाली हे पाहण्यासाठी हाताच्या पाठीवर सिलिकॉन ओतून त्वचेच्या रेषांचे साचे घेतले आणि साडेचार वर्षांनी पुन्हा घेतले. बाटल्यांची वजनं आणि हातांचे साचे, असं वरवर किरकोळ दिसणारं काम वर्षानुवर्षं न चुकता करायचं. संशोधनातलं बरंचसं करिअर असंच असतं. ज्या मुलाला प्रॅक्टिकलची वही वेळेवर पूर्ण करायचा कंटाळा आहे, त्यानं इथं दोनदा विचार करावा.

निकाल १९९९ मध्ये आला. रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांत स्क्वॅमस पेशींचा कर्करोग सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाला. बेसल पेशींच्या कर्करोगात मात्र ठळक फरक पडला नाही. सोबत बीटा-कॅरोटीनच्या गोळ्याही तपासल्या होत्या. त्यांचा काहीच उपयोग दिसला नाही, आणि तेही तितक्याच स्पष्टपणे छापलं गेलं. पुढे दहा वर्षं त्याच लोकांवर लक्ष ठेवल्यावर २०११ मध्ये मेलानोमाचे आकडे आले : रोज लावणाऱ्यांत ११ रुग्ण, दुसऱ्या गटात २२. निम्मे! पण सांख्यिकीच्या रूढ कसोटीत ‘हा निव्वळ योगायोग नाही’ असं म्हणायला आकडा ज्या रेषेखाली यावा लागतो ती ०.०५ची, आणि इथं आकडा आला ०.०५१. यावरून तज्ज्ञांत वाद झाले. गणित आवडतं पण इंजिनीअरिंगला जायचं नाही, असं म्हणणाऱ्या मुला-मुलींना मी हाच आकडा दाखवतो. ११ आणि २२ या दोन आकड्यांवर किती विश्वास ठेवायचा, हे सांगायला सांख्यिकीतज्ज्ञ लागतो.

या एका विषयाभोवती किती प्रकारची माणसं काम करतात ते पाहा. डॉक्टर आहेतच. अतिनील किरण मोजून रोजचा यूव्ही निर्देशांक सांगणारे हवामानशास्त्रज्ञ आहेत. हा निर्देशांक ३ किंवा त्याहून जास्त असेल तर उन्हापासून संरक्षण घ्या, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. कापडातून किती किरण आरपार जातात हे तपासणारे वस्त्रतंत्रज्ञ आहेत. त्यासाठीचं मानक ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये १९९६ साली ठरलं. पोरं टोपी का घालत नाहीत याचा पिच्छा पुरवणारे मानसशास्त्रज्ञ आहेत. सरकारचा पैसा सत्कारणी लागला का, याचा हिशोब मांडणारे आरोग्य अर्थतज्ज्ञ आहेत. सनस्मार्टवर खर्चलेल्या एका डॉलरमागे सव्वादोनहून जास्त डॉलर परत येतात, असा त्यांचा २००९चा हिशोब. सनस्क्रीन तपासणारे रसायनतज्ज्ञही आहेत, आणि त्यांची गरज अजून संपलेली नाही : जून २०२५ मध्ये ‘चॉइस’ या ऑस्ट्रेलियन ग्राहक संस्थेनं तपासलेल्या २० सनस्क्रीनपैकी १६ उत्पादनं बाटलीवर छापलेल्या एसपीएफला उतरली नाहीत.

आता आपल्याकडे येऊ, आणि इथं जरा स्पष्ट बोलायला हवं. भारतात एकूण कर्करोगांत त्वचेच्या कर्करोगाचा वाटा जेमतेम एक-दोन टक्के आहे. आपल्या त्वचेतलं मेलॅनिन बरंचसं संरक्षण देतं. सावळ्या त्वचेच्या माणसांत मेलानोमा झालाच, तर तो बऱ्याचदा तळपाय, तळहात किंवा नखाखाली होतो, जिथं उन्हाचा फारसा संबंधच नसतो. त्यामुळे कर्करोगाची भीती घालून सनस्क्रीन विकणाऱ्या आपल्याकडच्या जाहिराती मला पटत नाहीत. खुद्द ऑस्ट्रेलियातल्या तज्ज्ञांचा अलीकडचा सल्ला त्वचेच्या रंगाप्रमाणे वेगळा आहे : गडद त्वचेच्या माणसांनी रोज सनस्क्रीन लावायची गरज नाही, ड जीवनसत्त्वाकडे मात्र लक्ष द्यावं. कोड किंवा अल्बिनिझम असलेली माणसं, आणि दिवसभर उन्हात राबणारे यांची गोष्ट वेगळी. मेलानोमा सोडून त्वचेच्या इतर कर्करोगांनी होणाऱ्या मृत्यूंपैकी जवळपास एक तृतीयांश मृत्यू उन्हात काम केल्यामुळे होतात, असा अंदाज जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं २०२३ मध्ये जगासाठी मांडला.

म्हणजे आपल्या मुलांना इथं कामच नाही? आहे, पण प्रश्न आपले असतात. १९४५ साली टाटा मेमोरियलच्या प्रयोगशाळेतल्या डॉ. वसंत रामजी खानोलकरांनी धोतराच्या कर्करोगाची नोंद छापली. कमरेला एकाच जागी वर्षानुवर्षं घट्ट गाठ आवळल्यानं तिथली कातडी काळवंडते, जाड होते आणि क्वचित तिथं कर्करोग होतो. पुढे मुंबईच्या डॉक्टरांनी परकराच्या नाडीमुळे बायकांमध्ये तसंच घडताना पाहिलं. काश्मिरात पोटाशी कांगडी, म्हणजे निखाऱ्यांचं भांडं, धरल्यानं होणारा कर्करोग, पश्चिम बंगालमध्ये विहिरींच्या पाण्यातल्या आर्सेनिकमुळे त्वचेवर होणारे परिणाम, हेही याच घरातले. यातल्या कुठल्याच प्रश्नाला उन्हाळी टोपीचं उत्तर नाही. उत्तर शोधायची रीत मात्र नॅम्बरचीच.

त्या रीतीसाठी फार लांब जायला नको. सोलापूर जिल्ह्यात बार्शीला १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परंडा, भूम हे तालुके तिनं धरले. गावोगाव फिरून, माणसांशी बोलून, कुणाला कुठला कर्करोग झाला याची पक्की नोंद करायची. अशा नोंदी नसत्या तर आपल्याकडे त्वचेचा कर्करोग कमी आहे, हे वाक्यही कुणाला छातीठोकपणे लिहिता आलं नसतं.

आता मार्गांविषयी. बारावीनंतर लगेच ‘पब्लिक हेल्थ’ नाव दिसलं म्हणून कुठलीही पदवी घेऊ नका. आधी एक पक्का विषय घ्या : संख्याशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, नर्सिंग, फार्मसी, मानसशास्त्र, अर्थशास्त्र, अगदी बीएएमएस किंवा बीडीएससुद्धा. त्यानंतर एमपीएच, म्हणजे मास्टर ऑफ पब्लिक हेल्थ. टाटा मेमोरियल सेंटरच्या खारघरच्या कॅन्सर साथरोगशास्त्र केंद्रात होमी भाभा राष्ट्रीय संस्थेची साथरोगशास्त्रातली एमपीएच आहे. मुंबईत टीआयएसएसमध्ये सामाजिक साथरोगशास्त्र आहे, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात एमपीएच आहे, चेन्नईला आयसीएमआरची राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्था, तिरुवनंतपुरमला अच्युता मेनन केंद्र. आकड्यांकडे ओढा असेल तर देवनारची लोकसंख्याशास्त्र संस्था पाहा. पात्रता आणि जागा दरवर्षी बदलतात, म्हणून त्या वर्षीचं माहितीपत्रकच प्रमाण माना.

हवामानाची आवड असेल तर पुणे विद्यापीठाचा वातावरण व अवकाश विज्ञान विभाग आणि पाषाणची आयआयटीएम ही हवामान संशोधन संस्था शेजारशेजारच्या परिसरात आहेत. आयआयटीएमच्या ‘सफर’ उपक्रमानं हवेच्या गुणवत्तेबरोबर यूव्ही निर्देशांकही दिला. कापडाकडे वळायचं असेल तर इचलकरंजीची डीकेटीई आहे. आणि एमबीबीएस झालंच, तर त्वचारोग किंवा कम्युनिटी मेडिसिनमध्ये एमडी. त्वचारोगाच्या जागा नीट-पीजीत वरच्या रँकवाल्यांकडून झटपट संपतात, कम्युनिटी मेडिसिनकडे मुलं नाक मुरडतात. माझ्या मते ती चूक आहे. कर्करोग प्रतिबंधाचे मोठे निर्णय जिथं होतात, तिथं कम्युनिटी मेडिसिनची माणसं जास्त बसतात.

पैशाचं काय? सुरुवातीच्या नोकऱ्या बहुतेक कंत्राटी असतात. प्रोजेक्ट दोन-तीन वर्षांचा, तो संपला की पुढचा शोधायचा. कॅम्पस प्लेसमेंटचं पॅकेज व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकायचं असेल, तर हे क्षेत्र निराश करेल. पीएचडीनंतर, किंवा ज्याच्या हातात आर, स्टाटासारखी सॉफ्टवेअर आणि स्वच्छ इंग्रजी लेखन आहे त्याला चित्र पालटतं. औषध कंपन्या, आंतरराष्ट्रीय संस्था, विद्यापीठं यांना अशी माणसं लागतात. मुलीला फक्त त्वचेच्या कर्करोगावरच काम करायचं असेल, तर ब्रिस्बेन, सिडनी, मेलबर्नची तयारी ठेवावी लागेल. पण तिथं पदव्युत्तर पदवीसाठी कर्ज काढून धाडण्याऐवजी इथं एमपीएच, दोन वर्षं प्रत्यक्ष काम आणि मग शिष्यवृत्तीवर पीएचडी, हा रस्ता मी सुचवेन. तसं केलं तर घर गहाण पडत नाही.

फॉर्म भरण्याआधी संस्थेला एकच गोष्ट विचारा : गेल्या तीन बॅचचे विद्यार्थी आज कुठे, कुठल्या पदावर काम करतात? जी संस्था यावर टाळाटाळ करते, तिची इमारत कितीही देखणी असली तरी तिथं फी भरू नका.