दया : पाहणे, जवळ जाणे, सोबत राहणे
(वाचनासाठी उतारा : लूक १०:२५-३७)



चांगल्या शोमरोन्याचा दाखला आपण धर्मशिक्षणाच्या वर्गापासून ऐकत आलो आहोत. शेवट ठाऊक असल्यामुळे मधल्या गोष्टी आपल्या लक्षात येत नाहीत. म्हणून या आठवड्यात हा उतारा घरी सर्वांनी मिळून सावकाश वाचू या.

यरुशलेमहून यरीहोला जाणारी जुनी वाट सुमारे २७ किलोमीटरची. एवढ्या अंतरात ती जवळजवळ एक हजार मीटर खाली उतरते. उजाड डोंगर, कपारी आणि वळणे असलेली ही जागा लुटारूंना सोयीची होती. त्या वाटेवर एक माणूस अर्धमेला होऊन पडला आहे.

१. तिघांनीही पाहिले

याजकाने पाहिले, लेव्याने पाहिले, शोमरोन्यानेही पाहिले. पहिले दोघे बाजूने निघून गेले. याजकाने प्रेताला शिवू नये असा नियम होता (लेवीय २१:१). पण तो माणूस मेलेला नव्हता. शिवाय याजक यरुशलेमहून खाली चालला होता, म्हणजे मंदिरातल्या सेवेला उशीर होण्याचाही प्रश्न नव्हता. धर्माचे कारण पुढे करून माणसाला टाळता येते, हे प्रभू येशू इथे दाखवतो. हा धडा आम्हा धर्मगुरूंना सर्वांत आधी लागू पडतो.

२. शोमरोनी जवळ गेला

काही प्राचीन तत्त्वज्ञ दयेला मनाचा दुबळेपणा मानत. शुभवर्तमान तसे मानत नाही. शोमरोन्याला कळवळा आला, हे सांगण्यासाठी संत लूकने वापरलेले ग्रीक क्रियापद 'आतडी' या शब्दावरून आले आहे. आपणही 'आतडे तुटते' असे म्हणतोच. नाईन गावच्या विधवेला पाहून प्रभूला जे वाटले (लूक ७:१३) आणि उधळ्या पुत्राला पाहून बापाला जे वाटले (लूक १५:२०), तिथेही हाच शब्द आहे. म्हणजे दया ही आधी देवाची आहे. आपल्याला तिच्यात वाटा मिळतो.

पण शोमरोनी नुसता हळहळला नाही. त्याने जखमांवर तेल व द्राक्षारस ओतला, पट्ट्या बांधल्या, स्वतःच्या जनावरावर त्याला बसवले आणि आपण पायी चालला.

आज महामार्गावर अपघात झाला की गर्दी जमते, मोबाइल बाहेर निघतात, पण जखमीला हात लावायला लोक कचरतात. 'पोलिसांची भानगड नको,' असे आपण म्हणतो. ही भीती आता बाजूला ठेवावी. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने मदत करणाऱ्यांच्या संरक्षणासाठीच्या मार्गदर्शक सूचनांना कायद्याचे बळ दिले. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम घालण्यात आले. त्यानुसार, सद्भावनेने मदत करताना काही चूक झाली तरी मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही, आणि नाव-पत्ता सांगण्याची सक्ती त्याच्यावर करता येत नाही. या कायद्यात अशा माणसाला नाव दिले आहे 'गुड समॅरिटन'. १०८ क्रमांक फिरवला की रुग्णवाहिका मोफत येते. हा क्रमांक घरातल्या मुलांनाही पाठ असावा.

३. तो सोबत राहिला

शोमरोन्याने रात्रभर शुश्रूषा केली. दुसऱ्या दिवशी उतारशाळेच्या मालकाला दोन दीनार, म्हणजे दोन दिवसांची मजुरी दिली आणि परत येण्याचे वचन दिले. नाताळला एक पिशवी धान्य देणे चांगलेच. पण अंथरुणाला खिळलेल्या शेजाऱ्याला जूनमध्येही औषध लागते. सगळे एकट्याने करायचे नाही, हेही यातून शिकावे. उतारशाळेच्या मालकाचाही या सेवेत वाटा आहे. १८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने मित्रांसह जे काम सुरू केले, ते गरिबांच्या घरी जाऊन त्यांना भेटण्याचे होते. त्यातूनच संत विन्सेंट दी पॉल सोसायटी उभी राहिली.

शेजारी कोण?

शास्त्र्याने विचारले होते, 'माझा शेजारी कोण?' प्रभूने प्रश्नच फिरवला : त्या जखमीचा शेजारी कोण झाला? उत्तर देताना शास्त्र्याच्या तोंडून 'शोमरोनी' हा शब्द निघाला नाही. 'ज्याने दया केली तो' एवढेच तो म्हणाला. आपल्याही जिभेवर न येणारी काही नावे असतात : परप्रांतातून आलेला मजूर, दुसऱ्या धर्माचा भाडेकरू, बोलणे बंद असलेला भाऊबंद. तिथेच प्रभू आपल्याला पाठवतो : जा आणि तूही तसेच कर.

चिंतनासाठी
• मी कोणाला रोज पाहतो, पण बाजूने निघून जातो?
• या महिन्यात आपले कुटुंब कोणाच्या घरी नियमित भेट देईल?
• मला कोणाची मदत स्वीकारायला जड जाते?

प्रभू येशू आपल्याला पाहणारे डोळे आणि थांबणारे पाय देवो. आमेन.