परिगणित मूल्य आणि मोठी अक्षरे

राष्ट्रीय सूचनाविज्ञान केंद्राने दिल्लीत तयार केलेली सरकारी संकेतस्थळांची मार्गदर्शक तत्त्वे २००९ साली प्रसृत झाली. आज अनेक सरकारी पानांच्या माथ्यावर अक्षर लहानमोठे करणाऱ्या कळा आढळतात. मंददृष्टीच्या वृद्धाला निवृत्तिवेतनाची सूचना स्वतः वाचता येईल, की शेजाऱ्याची विनवणी करावी लागेल, हे त्या कळेमागील चार ओळींवर ठरते. त्या ओळी कशा लिहाव्यात, ते पाहू.

समजा, पानाचे मूळ अक्षर १६ पिक्सेलचे आहे आणि शैलीपत्रकात सूचनेच्या परिच्छेदाचा आकार '१.२५ एम', म्हणजे भोवतालच्या अक्षराच्या सव्वापट, असा सांगितला आहे. नवशिका हा आकार परिच्छेदाच्या 'स्टाइल' या गुणधर्मातून वाचू पाहतो, आणि त्याला रिकामे उत्तर मिळते. कारण त्या गुणधर्मात केवळ परिच्छेदावर थेट लिहिलेली शैली असते. शैलीपत्रकातील नियम तेथे येत नाहीत.

महागाई भत्ता मूळ वेतनाच्या टक्केवारीत जाहीर होतो. त्याचे रुपये किती झाले, ते वेतनचिठ्ठीवर दिसते. ब्राउझरची अशी वेतनचिठ्ठी म्हणजे परिगणित मूल्य. 'गेटकॉम्प्युटेडस्टाइल' या फलनाकडे परिच्छेद सोपविला, की सर्व नियमांचा हिशेब होऊन '२०पीएक्स' असे उत्तर येते.

येथे दोन गोष्टींचे भान ठेवावे. पहिली ही, की हे उत्तर संख्या नसून अक्षरांची मालिका आहे. तिच्यात ४ मिळविल्यास २४ होत नाहीत, '२०पीएक्स४' होते. ब्राउझर ते निमूटपणे नाकारतो आणि कळ दाबूनही अक्षर जागचे हलत नाही. म्हणून 'पार्सफ्लोट' वापरून आधी २० ही संख्या वेगळी काढावी. दुसरी गोष्ट अशी, की वेतनचिठ्ठीवर खाडाखोड करून पगार वाढत नाही. परिगणित मूल्य केवळ वाचण्यासाठी असते. '२४पीएक्स' हा नवा आकार 'स्टाइल' मध्येच लिहावा लागतो.

तरीही काम संपत नाही. ओळीची उंची २४ पिक्सेलला जखडलेली असेल, तर २४ पिक्सेलच्या देवनागरी अक्षरांत वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांना भिडतात. ती उंची '१.६' अशी निव्वळ पटीत सांगितली, तर अक्षराबरोबर ओळही वाढते. म्हणून कळेची परीक्षा रोमन मजकुरावर न थांबविता मराठी मजकुरावरही घ्यावी.