आधी ट्रान्सफॉर्मर तपासा, मग पाकीट उघडा

पितृपक्षानंतर घरोघरी साफसफाई निघते आणि माळ्यावरचे रेडिओ, अ‍ॅम्प्लिफायर खाली उतरतात. त्या दिवसांत आमच्या मानपाड्यात (डोंबिवलीचा मानपाडा, ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावरचा नव्हे) मला कुणी ना कुणी गाठतंच. "काका, बाबांचा सेट आहे. दुरुस्त होईल का? किती लागतील?" मी काही रेडिओ मेकॅनिक नाही. सगळी नोकरी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला झाली, त्यामुळे मीटर हाताशी असतो. जुन्या सेटांची ओढ मात्र लहानपणापासूनची.

दुरुस्त होईल का, याचं उत्तर जवळजवळ नेहमीच 'होईल' असं असतं. व्हॉल्व्हचा रेडिओ असो की ट्रान्झिस्टरचा अ‍ॅम्प्लिफायर, आतली मांडणी इतकी सरळ असते की जाणता माणूस त्याला बोलता करतोच. त्यात पैसे घालण्यात अर्थ आहे का, हे मात्र वेगळं बघावं लागतं, आणि ते सेटची पिन बोर्डात घालण्याआधी बघावं लागतं. एवढं ठासून सांगायला कारण झाला तो आमच्या मामांचा सेट.

मामा कल्याणला राहायचे. त्यांच्या सेटला सागवानी कॅबिनेट, हस्तिदंती रंगाची बटणं, काचेच्या डायलवर शहरांची नावं आणि स्टेशन नेमकं लागलं की मिटत येणारा हिरवा डोळा. मामा गेल्यावर मामींनी तो आमच्याकडे पाठवला. वीसेक वर्षं त्यात वीज गेलेली नव्हती. दिवाळीत सेट वाजता हवा अशी घरात सगळ्यांची इच्छा. मी रात्रपाळीला, म्हणून भाचा तो एका दुकानात घेऊन गेला. दुकानदाराने पिन लावली. डायलचा दिवा लागला, अर्ध्या मिनिटात व्हॉल्व्ह तापले, जाड घुमणारा हम आला आणि त्यामागून स्टेशनही आलं. सेट तसाच चालू ठेवून दोघं चहा प्यायले. चहा संपता संपता वास सुटला. आउटपुट व्हॉल्व्हची प्लेट लालभडक झाली होती. पिन काढेपर्यंत आवाज गेला होता.

आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळाला. "आधीचाच वीक होता," असं दुकानदाराचं म्हणणं. तो रिवाइंडिंगला दिला. परत आला तर आवाज पातळ, खालचे सूर गायब. मग व्हॉल्व्ह बदलला. मग रेक्टिफायर. मग बँड स्विच. दर खेपेला हजार-दीड हजार. दिवाळी गेली, होळी आली, आणि सगळं मिळून नऊ हजारांच्या वर गेलं. सेट घरी आला तेव्हा वाजत होता, पण मामांच्या खोलीत घुमणारा तो भरदार आवाज काही त्यातून येत नव्हता.

मी मागचा पुठ्ठा काढला. ईएल ८४ हा आउटपुट व्हॉल्व्ह नवा होता. त्याच्या ग्रिडला मागच्या व्हॉल्व्हकडून सिग्नल आणून देणारा कागदी कंडेन्सर मात्र मूळचाच होता, मेण वितळून खाली ओघळलेला. व्हॉल्व्हच्या २ नंबरच्या पिनेवर, म्हणजे ग्रिडवर, मीटर धरला. तिथे शून्य व्होल्ट हवेत. काटा वर सरकला. मागच्या व्हॉल्व्हच्या प्लेटवरचे शंभरेक व्होल्ट अडवून फक्त आवाजाचा सिग्नल पुढे सोडायचा, हे त्या कंडेन्सरचं काम. जुना कागद दमट झाला की तो गळायला लागतो आणि ग्रिड पॉझिटिव्ह होते. व्हॉल्व्ह बेसुमार करंट ओढतो, प्लेट लाल होते, आणि तो सगळा करंट आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या केसासारख्या बारीक तारेतून जातो. ती तार किती सोसणार? वीस-पंचवीस रुपयांच्या कंडेन्सरने ट्रान्सफॉर्मर घालवला होता आणि इतक्या खर्चानंतर तो कंडेन्सर नव्या व्हॉल्व्हचाही जीव घेत जागेवरच बसला होता. याचा मला आजही मनापासून राग येतो. हे काम येतं असं सांगणाऱ्या माणसाने तो कंडेन्सर सगळ्यांत आधी बदलायला हवा होता.

तेव्हापासून माझा हिशेब ठरलेला आहे. जुन्या सेटमध्ये तीनच वस्तू खर्च ठरवतात: मेन ट्रान्सफॉर्मर, आउटपुट ट्रान्सफॉर्मर आणि स्पीकर. या तिन्ही शाबूत असतील तर बाकीचं परवडतं. फिल्टरचे मोठे कंडेन्सर आज पन्नास-साठ रुपयांना एक मिळतात. सेटमधले सगळे कागदी आणि इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर बदलले तरी सामानाचे काहीशे रुपयेच होतात. उरतं ते मजुरीचं, आणि ती योग्य असेल तर द्यावी. ट्रान्सफॉर्मरचं तसं नाही. आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीतून व्हॉल्व्हचा डीसी सतत वाहतो, म्हणून त्याच्या गाभ्यात मुद्दाम बारीक फट ठेवलेली असते. मोटार आणि स्टॅबिलायझर रिवाइंड करणारा कारागीर कितीही चांगला असला तरी अनेकदा ती फट न ठेवता पत्रे घट्ट बसवतो किंवा प्रायमरीचे वेढे कमी घालतो. आवाज येतो, पण पातळ येतो. मामांच्या सेटचं तेच झालं.

ही तपासणी घरीही होते. पिन बोर्डातून काढलेली हवी. सेट थोड्या वेळापूर्वी चालवलेला असेल तर आत हात घालू नका, कारण फिल्टर कंडेन्सरमध्ये अडीचशे-तीनशे व्होल्ट साठून राहतात. मग सेटचा स्विच ऑन करून पिनेच्या दोन टोकांवर ओहम बघा. मेन ट्रान्सफॉर्मर चांगला असेल तर साधारण दोन आकडी ओहम येतात. काहीच दाखवलं नाही तर आधी फ्यूज, वायर आणि स्विच बघा. ते ठीक असूनही काही येत नसेल तर प्रायमरी तुटली. मग ईएल ८४ च्या ७ नंबरच्या पिनेपासून, म्हणजे प्लेटपासून, हाय टेन्शनच्या लाइनपर्यंत, म्हणजे फिल्टर कंडेन्सरच्या पॉझिटिव्ह टोकापर्यंत मोजा. तिथे काहीशे ओहम मिळाले तर आउटपुटची तार धड आहे. स्पीकरवर तीन ते पाच ओहम पुरेत, आणि कोन फाटलाय का, उंदराने कुरतडलाय का, हे डोळ्यांनीच दिसतं. एवढं झालं की निम्मा निर्णय झाला.

पहिल्यांदा वीज देताना सिरीज दिवा लावा. तारेच्या जुन्या प्रकारचा ६० किंवा १०० वॉटचा बल्ब सेटच्या एका वायरीत सिरीजमध्ये घालायचा. एलईडी चालणार नाही. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर आत मोठा शॉर्ट नाही. तो पूर्ण प्रकाशात जळत राहिला तर लगेच बंद करा. जे तुमच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये जळलं असतं ते बल्बने झेललं. कुणाकडे डिमरस्टॅट (व्होल्टेज हळूहळू वाढवता येणारा ट्रान्सफॉर्मर) असेल तर फारच उत्तम. दुकानात सेट देताना मी आता एकच गोष्ट विचारतो: सिरीजवर लावणार की थेट? थेट म्हणाला की सेट उचलतो.

व्हॉल्व्हच्या बाबतीत लोक उगीच घाबरतात. ईएल ८४ परदेशात अजून बनतो, कारण गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरना तो लागतो. ईसीएच ८१ सारखे रेडिओचे व्हॉल्व्ह जुन्या साठ्यातूनच येतात. एके काळी बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने असे व्हॉल्व्ह भरपूर बनवले, आणि त्यांचा शिक्का असलेले नग लॅमिंग्टन रोडला किंवा चोरबाजारात अजून सापडतात. बहुतेक वेळा व्हॉल्व्ह गेलेलाच नसतो. त्याच्या पिना आणि सॉकेट गंजलेले असतात. आमच्याकडची दमट हवा आणि एमआयडीसीचे वायू मिळून बँड स्विचच्या चांदीच्या पट्ट्या काळ्या पाडतात. कॉन्टॅक्ट क्लीनरने त्या पुसल्या की मेलेला बँड जिवंत होतो. व्हॉल्व्ह बदलायला सांगणाऱ्याला आधी हे करायला लावा.

ट्रान्झिस्टर आणि आयसीच्या अ‍ॅम्प्लिफायरचं गणित वेगळं. त्यात मेन ट्रान्सफॉर्मर सहसा टिकतो. उडतं ते आउटपुट. २एन ३०५५ ची जोडी असो की एसटीकेची आयसी, खरा धोका नकली मालाचा. एसटीके मूळ कंपनीने बनवणं केव्हाच थांबवलं, तरी बाजारात 'नवी' हवी तेवढी मिळते. ती लावली की वाजते, आणि गणपतीत आवाज वाढवला की जाते. शिवाय आउटपुट का उडालं हे न शोधता नवं लावलं तर तेही त्याच मिनिटाला उडतं. ड्रायव्हर आणि बायसचे रेझिस्टन्स तपासल्याशिवाय नवा ट्रान्झिस्टर लावू देऊ नका. स्पीकर जोडण्याआधी आउटपुटवर डीसी किती येतोय ते मोजून दाखवायला सांगा. आउटपुटला कंडेन्सर नसलेल्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये तो शंभर मिलिव्होल्टच्या आतच हवा, नाहीतर चांगल्या स्पीकरची कॉइल जळते. आमच्या सोसायटीच्या मंडळाच्या अ‍ॅम्प्लिफायरला मी सरळ वेगळा सल्ला दिला: जुना ट्रान्सफॉर्मर, जुनी पेटी आणि हीटसिंक ठेवा, आतला बोर्ड पूर्ण नवा घाला. तांब्याने भरलेला तो वजनदार ट्रान्सफॉर्मर आज नवा घ्यायचा तर बोर्डापेक्षा महाग पडतो. मंडळाची पोरं खूश आहेत.

आता ज्याकडे कुणी लक्ष देत नाही ते. सेट दुरुस्त झाल्यावर त्यावर ऐकणार काय? आपल्याकडच्या बहुतेक व्हॉल्व्ह सेटांत मीडियम वेव्ह आणि शॉर्टवेव्ह असतात, एफएम नसतो. १९५७ साली विविध भारती सुरू झाली तेव्हा ती शॉर्टवेव्हवर ऐकली जायची, आणि त्याच्या आधीपासून लोक रेडिओ सिलोनसाठी डायल फिरवत बसायचे. आकाशवाणीने आता शॉर्टवेव्ह आणि मीडियम वेव्हची पुष्कळ प्रक्षेपणं बंद केली आहेत. जी उरली ती फ्लॅटमधले एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर आणि लिफ्ट यांच्या खरखरीत बुडतात. म्हणून मी सांगतो, कुणाकडून तरी मीडियम वेव्ह असलेला छोटा सेलवरचा रेडिओ मागून आणा, जिथे मोठा सेट ठेवायचा त्याच जागी संध्याकाळी लावा. अस्मिता वाहिनी ५५८ वर लागते का बघा. खरखरीशिवाय काही येत नसेल तर दुरुस्तीनंतर मोठ्या सेटवरही फार वेगळं काही येणार नाही. हे आधी कळलेलं बरं.

तरी वाट बंद होत नाही. बऱ्याच सेटांच्या मागे ग्रामोफोनचं पिकअप सॉकेट असतं. तिथे मोबाइल किंवा छोटा ब्लूटूथ रिसीव्हर जोडला की सेट उत्तम अ‍ॅम्प्लिफायर होतो, आणि जुनी गाणी त्या स्पीकरवर ऐकायची मजा वेगळीच. एकच अट, आणि ती जिवाशी संबंधित आहे: सेटला मेन ट्रान्सफॉर्मर हवा. व्हॉल्व्हची नावं 'यू'ने सुरू होत असतील, यूसीएच ८१, यूएल ८४ वगैरे, तर बहुतेक वेळा त्या सेटला ट्रान्सफॉर्मर नसतो आणि चॅसीवर थेट मेनची फेज येऊ शकते. अशा सेटला मोबाइल जोडू नका, निघालेल्या बटणाच्या उघड्या दांड्याला हात लावू नका, लहान मुलं असतील तिथे तो ठेवू नका.

पैशाच्या हिशेबात न बसणारी कारणं असतात, हेही मला मान्य आहे. वडिलांनी पोस्टात लायसनची फी भरून वापरलेला रेडिओ कुणाला भंगारात घालवत नाही. जिथे भावना आहे तिथे मी खर्चाला नाही म्हणत नाही. आकडा आधी ठरवा आणि तो मेकॅनिकला सांगा, एवढंच म्हणतो. तपासणीची फी वेगळी द्या. तपासल्यावर काय काय बदलावं लागेल ते कागदावर लिहून घ्या. काढलेले सगळे पार्ट पिशवीत घालून परत मागा. 'उघडल्यावर बघू' असं म्हणत एकेक पार्ट लावत जाणाऱ्याकडे सेट ठेवला की पैसे थेंबाथेंबाने जातात आणि मध्येच थांबताही येत नाही. दूर न्यायचा असेल तर व्हॉल्व्ह काढून कापसात गुंडाळून वेगळे न्या. लोकलच्या गर्दीत आणि कल्याण-शीळ रस्त्यावरच्या खड्ड्यांत काच तडकते.

ट्रान्सफॉर्मर जळालेलाच असेल तर लगेच रिवाइंडिंगला धावू नका. त्याच मॉडेलचा दुसरा मेलेला सेट शोधा. मर्फीचा कारखाना ठाण्यातच होता, आणि आमच्या पट्ट्यात मर्फी, फिलिप्स, बुश, नॅशनल एको यांचे सेट अजून निघतात. दोन बिघडलेल्या सेटांतून एक चांगला होतो, आणि मूळच्या ट्रान्सफॉर्मरचा आवाज मिळतो. मामांच्या सेटसाठी मी तेच केलं. उल्हासनगरहून एक मोडक्या कॅबिनेटचा सेट आणला, त्यातला आउटपुट ट्रान्सफॉर्मर बसवला, तो गळका कंडेन्सर बदलला. आता त्यात बास आहे.

दुसरा सेट मिळालाच नाही तर आपल्या सेटमधले व्हॉल्व्ह, स्पीकर, डायलची काच, बटणं कुणा दुरुस्ती करणाऱ्याला द्या. त्याच्याकडे त्यांचीच वाट बघणारा एखादा सेट असतो. फक्त कॅबिनेट घासून चकचकीत पॉलिश मारून घेऊ नका. मूळचं फ्रेंच पॉलिश गेलं की विकणाऱ्याला भाव मिळत नाही आणि ठेवणाऱ्याला तो सेट ओळखीचा वाटत नाही.