मागून धडक : दोष कोणाचा?

रस्त्यावर एक गाडी दुसरीवर मागून आदळली, कीं घटकाभरांत माणसें जमतात आणि निकालहि तेथेंच लागतो. कोणी म्हणतो, मागच्याचाच दोष. कोणी म्हणतो, जी गाडी मोठी तिचा दोष. आणि ज्याच्या ओळखीचीं माणसें अधिक, त्याची बाजू हळूहळू खरी ठरूं लागते. विद्यार्थिमित्रहो, ही न्यायाची रीत नव्हे. सोलापुरावरून पुणें-हैदराबाद महामार्ग जातो. हंगामांत उसाच्या गाड्यांची रीघ लागते. आषाढी-कार्तिकीस दिंड्या पायीं चालतात. अशा जिल्ह्यांत राहणाऱ्यांनीं हा प्रश्न नीट समजून घेणें अगत्याचें आहे.

प्रथम नियम पाहूं. १९८९ सालीं आपल्या देशांत रस्त्यावरील वर्तनाचे जे नियम झाले, त्यांतील २३ वा नियम असें सांगतो कीं, पुढची गाडी एकाएकीं मंदावली किंवा थांबली तरी टक्कर होणार नाहीं इतकें अंतर मागच्या चालकानें ठेविलें पाहिजे. २०१७ सालीं या नियमांच्या जागीं नवे नियम आले, परंतु तत्त्व तेंच राहिलें. याचें कारण उघड आहे. पुढच्या चालकाची दृष्टि समोर असते. मागची गाडी किती जवळ यावी, हें त्याच्या हातीं नसतें. मागच्याला मात्र पुढची गाडी दिसते आणि अंतर वाढविणें सर्वस्वीं त्याच्या पायाखालीं असतें. ज्याच्या हातीं उपाय, त्याच्यावर जबाबदारी, असा हा न्याय आहे.

आतां हें अंतर किती असावें, तें गणितानें काढूं. ताशीं ६० किलोमीटर वेगाची मोटार एका सेकंदांत सुमारें १६.७ मीटर जाते. संकट डोळ्यांना दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत सावध माणसालाहि सुमारें एक ते दीड सेकंद लागतो. म्हणजे ब्रेक लागण्यापूर्वींच गाडी १७ ते २५ मीटर पुढें गेलेली असते. ब्रेक लागल्यावर गाडीचा वेग प्रत्येक सेकंदास ६ मीटर प्रतिसेकंद इतका कमी होतो असें धरल्यास, ती थांबण्यास आणखी सुमारें २३ मीटर लागतात. वेग ताशीं ३० असता तर हेंच अंतर सुमारें ६ मीटर झालें असतें. वेग दुप्पट झाला, कीं ब्रेक लागल्यानंतरचें अंतर चौपट होतें, हें पदार्थविज्ञानाच्या पुस्तकांत शिकलेलें सूत्र रस्त्यावर असें प्रत्ययास येतें. म्हणूनच पुढच्या गाडीनें एखादा खांब ओलांडल्यावर आपण तेथें पोंचेपर्यंत निदान दोन सेकंद जावेत, असा सोपा ठोकताळा चालकांना शिकवितात. पाऊस असल्यास हा अवधि वाढवावा.

२०१८ सालीं सर्वोच्च न्यायालयापुढें असेंच एक प्रकरण आलें. पुढें मालमोटार आणि मागें मोटार. दोहोंमध्यें अंतर १० ते १५ फूट. मालमोटारीनें एकाएकीं ब्रेक लावला, अशी मोटारीच्या बाजूची तक्रार होती. न्यायालयानें २३ व्या नियमाकडे बोट दाखवून सांगितलें कीं, इतकें अंतर सुरक्षित म्हणतां येणार नाहीं; दोष मागच्या मोटारीच्या चालकाचा. आपलें गणितहि हेंच सांगतें. ताशीं ६० च्या वेगानें १५ फूट म्हणजे सुमारें पाव सेकंदाचा प्रवास. तेवढ्यांत पाय हालत देखील नाहीं.

तर मग मागचा नेहमींच दोषी काय? नाहीं. त्याच १९८९ च्या नियमांत, सुरक्षिततेसाठीं आवश्यक नसतां एकाएकीं ब्रेक लावूं नये, असाहि नियम होता. पुढच्याचींहि कर्तव्यें आहेत : खूण करणें, दिवे चालू ठेवणें, गाडी वाटेंत उभी न करणें. २०२४ सालीं सर्वोच्च न्यायालयापुढें आलेल्या एका दाव्यांत, दिवे किंवा खूण न ठेवतां महामार्गाच्या मध्येंच उभ्या केलेल्या मालमोटारीवर एक मोटार मागून आदळली होती. तेथें न्यायालयानें दोष मालमोटारीकडेच ठेविला. शिवाय असें सांगितलें कीं, चालकाचा कांहीं दोष निघाला, तरी तो त्याच्या गाडींतील प्रवाशांच्या माथीं मारतां येत नाहीं.

या दोन टोकांच्या मध्यें बहुतेक खरे अपघात असतात. २०१७ सालीं कोइमतूर येथें महामार्गावर एका मोटारीनें कोणतीहि खूण न करतां एकाएकीं ब्रेक लावला. मागून येणारा एक विद्यार्थी मोटारसायकलसह तिच्यावर आदळून पडला व मागच्या बसखालीं सांपडून त्याला एक पाय गमवावा लागला. पत्नीस मळमळूं लागल्यामुळें थांबलों, असें मोटारचालकाचें म्हणणें होतें. २०२५ सालीं सर्वोच्च न्यायालयानें दोषाची वांटणी केली : मोटारचालक ५० टक्के, बसचालक ३० टक्के आणि विद्यार्थी २० टक्के. विद्यार्थ्यानें पुरेसें अंतर ठेविलें नव्हतें व त्याच्यापाशीं परवाना नव्हता, म्हणून भरपाईच्या दर १०० रुपयांतून २० रुपये वजा झाले. त्याच दाव्यांत खालच्या न्यायाधिकरणानें मोटारचालकास पूर्ण निर्दोष मानिलें होतें आणि उच्च न्यायालयानें त्याच्याकडे ४० टक्के दोष ठेविला होता. तेच कागद वाचून तीन न्यायासनांनीं तीन वांटण्या केल्या. मग चार मिनिटांत निकाल देणाऱ्या गर्दीनें किती भरंवसा बाळगावा?

पुढच्याची चूक ही मागच्यास मोकळीक मात्र नव्हे. इंग्लंडांत १८४२ सालीं डेव्हिस विरुद्ध मॅन हा खटला झाला. एकानें गाढवाचे पुढचे पाय बांधून त्याला रस्त्यावर सोडलें होतें. दुसऱ्याची घोड्यांची गाडी वेगानें आली आणि गाढव चिरडलें गेलें. गाढव तेथें सोडणें गैर असलें, तरी नेहमींची काळजी घेतली असती तर गाडीवानाला तें टाळतां आलें असतें, म्हणून नुकसानी त्याच्यावर पडली. न्यायालय प्रत्येकास हेंच विचारतें : तुला काय दिसत होतें, आणि तुला काय करतां आलें असतें?

या प्रश्नाचें उत्तर पुराव्यांतून मिळतें. रस्त्यावरील चाकांच्या घसरणीच्या खुणा, फुटलेल्या कांचा पडल्याची जागा, गाड्यांची स्थिति हें सर्व पंचनाम्यांत येतें. मोटार वाहन निरीक्षक ब्रेक व दिवे तपासतो. तीन गाड्या एकामागून एक आदळल्या असल्यास, सर्वांत पुढच्या गाडींतील माणसांना धक्का एकदां बसला कीं दोनदां, हें विचारतात. एकच बसला असेल, तर मधली गाडी मागून ढकलली गेली असण्याचा संभव अधिक; दोन बसले असतील, तर बहुधा मधलीच आधीं आदळली. म्हणून पाहिलें तेवढेंच सांगणारा साक्षीदार मोलाचा. मात्र या सर्वांआधीं जखमींस दवाखान्यांत पोंचवावें. तें चालकाचें कायदेशीर कर्तव्य आहे. आणि २०१९ च्या दुरुस्तीनें, सद्भावनेनें मदत करणाऱ्या वाटसरूसहि कायद्याचें संरक्षण आहे.

३१ ऑक्टोबर २०२२ रोजीं सांगोला तालुक्यांतील जुनोनीजवळ, कोल्हापुराकडून कार्तिकीसाठीं पंढरपुरास पायीं निघालेल्या दिंडींत मोटार शिरून ७ वारकरी दगावले. पायीं चालणाऱ्याच्या पाठीस तांबडा दिवा नसतो. दोषाची वांटणी कितीहि अचूक झाली, तरी गेलेला जीव तींत परत येत नाहीं. तिचा खरा उपयोग अपघातापूर्वीं आहे. आपल्या वांट्याचें कर्तव्य कोणतें, हें ती आधींच सांगून ठेवते.

शेवटीं एक उदाहरण सोडवा. रात्रीं रस्त्यांत उसाची ट्रॉली उभी आहे. तिला दिवा नाहीं, रिफ्लेक्टर नाहीं. मागून येणाऱ्या चालकास ती ४० मीटरांवरून दिसते. ब्रेक दाबण्यास त्याला एक सेकंद लागतो आणि ब्रेकचें मान वरीलप्रमाणेंच आहे. ताशीं ५४ किलोमीटर वेग असल्यास तो थांबूं शकेल काय? ताशीं ७२ असल्यास? दोन्ही उत्तरें काढा, आणि मग घरीं वडील मंडळींसमवेत बसून ठरवा : ट्रॉलीवाल्याचा दोष किती, आणि चालकाचा किती? निकाल सांगतांना कारणेंहि सांगा.