यकृतातील माथाडी

‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण तुम्ही ऐकली असेलच. पण समजा, एखाद्याने खरोखरच कडकडीत उपास केला, पाण्याखेरीज काहीही घेतले नाही, तर त्याच्या यकृतातील चरबी वाढेल की कमी होईल? वर्गात हा प्रश्न विचारला की बहुतेक हात ‘कमी होईल’ या बाजूने वर जातात. खाल्लेच नाही, तर चरबी येणार कोठून?

ती येते शरीरातल्याच साठ्यातून. कातडीखाली आणि पोटाभोवती साठलेल्या चरबीचे उपासात विघटन होऊ लागते. तिच्यातील मेदाम्ले रक्तात उतरतात व त्यांचा बराच भाग यकृताकडे जातो. यकृताच्या पेशी ती उचलतात, त्यांपासून पुन्हा ट्रायग्लिसराइड, म्हणजे आपल्या गोडेतेलात असते त्याच जातीची चरबी, बनवतात आणि थेंबाथेंबांनी साठवून ठेवतात. उपाशी ठेवलेल्या उंदराच्या यकृतात ही चरबी अनेक पटींनी वाढलेली आढळते. (साबुदाण्याची खिचडी खाऊन केलेला उपास येथे धरायचा नाही. त्याचे कारण पुढे येईलच.)

आता खरे कोडे पाहा. साठ्यातील चरबी प्रथिनांच्या साहाय्याने बारीक कणांत बांधून रक्तात सोडणे, हेही यकृताचेच काम. साठा कित्येक पट झाला, तर रक्तात चरबीचा पूर यायला हवा. प्रत्यक्षात मात्र बाहेर पडणाऱ्या चरबीचे प्रमाण फारसे बदलत नाही. हे साधते कसे?

आम्हा नव्या मुंबईकरांना याचे उत्तर सुचायला हरकत नव्हती, कारण वाशीचा घाऊक बाजार आमच्या दारातच आहे. आवक वाढली की गोदामे भरतात; पण ट्रकमध्ये चढतो तो माल माथाडी कामगार पाठीवरून वाहून नेतील तेवढाच. गोदामात किती पोती आहेत, यापेक्षा त्या दिवशी किती माथाडी कामावर आले, यावर सारे अवलंबून! यकृताच्या पेशीतही अगदी असाच प्रकार चालतो. हे दाखवून दिले ते खाडीपलीकडे, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रूप मल्लिक आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी.

मल्लिक हे शिक्षणाने भौतिकशास्त्रज्ञ. त्यांची पीएच.डी. भौतिकशास्त्रातील, याच संस्थेतली. पुढे ते अमेरिकेत कॅलिफोर्नियाला गेले व तेथे पेशीतील वाहतुकीचा अभ्यास करू लागले. परत आल्यावर त्यांनी कुलाब्यात जीवशास्त्राची प्रयोगशाळा उभारली आणि कालांतराने ते पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत गेले. २०१८ साली त्यांना इन्फोसिस पुरस्कार मिळाला, तो जीवविज्ञानासाठी. ‘जीवशास्त्र म्हणजे नुसते पाठांतर, म्हणून मी भौतिकशास्त्र घेतले’ असे सांगणारे विद्यार्थी मला दरवर्षी भेटतात. त्यांना मी ही हकीकत आवर्जून सांगतो.

पेशीतले माथाडी म्हणजे कायनेसिन नावाचे प्रथिन. पेशीत सूक्ष्मनलिकांचे जाळे पसरलेले असते. या नलिकांवरून कायनेसिनचा रेणू दोन पायांवर चालावे तसा चालतो. त्याचे एक पाऊल ८ नॅनोमीटरचे, म्हणजे मीटरच्या अब्जांश भागाच्या आठपट. सेकंदाला तो सुमारे १०० पावले टाकतो. पेशीच्या मध्यापासून कडेपर्यंतचे अंतर १० मायक्रोमीटर धरले, तर त्याला किती पावले लागतील आणि किती वेळ? गणित करून पाहा. १२५० पावले आणि जेमतेम १२–१३ सेकंद!

आणि त्याचा जोर? एक कायनेसिन सुमारे ६ पिकोन्यूटन बल लावू शकते. १ पिकोन्यूटन म्हणजे न्यूटनचा एक लक्ष-कोट्यंश भाग. ऐकायला क्षुल्लक वाटते. पण १ मायक्रोमीटर व्यासाच्या चरबीच्या थेंबाचे वजन काढा. घनफळ, घनता आणि गुरुत्वत्वरण यांचा गुणाकार केला की ते साधारण ०.००५ पिकोन्यूटन येते. म्हणजे हा हमाल ओझ्याच्या हजारपट जोर लावतो. मग एवढ्या जोराचा उपयोग काय? पेशीतील द्रव दाट असतो, त्यात जागोजागी अडथळे असतात. तेथे वजनाला किंमत नाही. झगडायचे ते विरोधाशी.

इतकी लहान बले मोजायची कशी, हा प्रश्न तुम्हाला पडला असेल. त्यासाठी लेसर किरणांचा चिमटा वापरतात. केंद्रित केलेला प्रकाश सूक्ष्म कणाला ओढून धरतो, हे आर्थर अॅश्किन यांनी १९८६ साली दाखवले व त्याबद्दल २०१८ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना विभागून मिळाले. प्रकाशात धरलेला थेंब कायनेसिनने किती ओढला, यावरून बल कळते.

आता प्रयोगाकडे वळू. मल्लिक यांच्या गटाने उंदरांच्या यकृतातून चरबीचे थेंब वेगळे काढले आणि काचेवर पसरलेल्या सूक्ष्मनलिकांवर सोडले. खाऊन-पिऊन तृप्त असलेल्या उंदरांचे थेंब नलिकांवरून जोमाने धावू लागले. उपाशी उंदरांचे थेंब मात्र बव्हंशी सुस्त! तपासले तेव्हा आढळले की उपाशी उंदरांच्या थेंबांवर कायनेसिनच कमी आहे. पोती भरपूर, माथाडी गैरहजर. हे काम २०१७ साली प्रसिद्ध झाले.

पण माथाड्यांना बोलावते कोण? याचे उत्तर थेंबाच्या पटलात मिळाले. पेशीचे पटल फॉस्फोलिपिड या स्निग्ध रेणूंचे असते, हे तुम्ही शिकला आहात. रेणूचे डोके पाण्याशी सलगी करते, शेपट्या पाण्यापासून पळतात. म्हणून पेशीच्या पटलात शेपट्या आत लपवून रेणूंचे दोन थर पाठीला पाठ लावून बसतात. चरबीच्या थेंबाभोवती मात्र एकच थर असतो. का बरे? क्षणभर थांबून विचार करा. थेंबाच्या आत चरबीच आहे, तेव्हा शेपट्यांना लपायला दुसऱ्या थराची गरजच नाही.

या एकपदरी पटलात फॉस्फॅटिडिक आम्ल नावाचा एक स्निग्ध रेणू असतो. त्याचे डोके अगदी लहान आणि ऋण विद्युत्भारित. जेवल्यावर रक्तातील इन्शुलिन वाढते. त्याच्या इशाऱ्याने थेंबांच्या पटलावर या आम्लाचे प्रमाण खूप वाढते आणि ते पाहून कायनेसिन तेथे येऊन चिकटते. पोत्यावर ‘उचला’ असा शिक्का मारावा, तसेच हे! मुकेश कुमार, मल्लिक आणि सहकाऱ्यांनी २०१९ साली हे मांडले. पटलातील स्निग्ध रेणूंची मोजदाद करण्यात पुण्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेतील सिद्धेश कामत यांचा वाटा होता. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट. तो खाल्ला की इन्शुलिन वाढणारच. म्हणून वर खिचडीला बाहेर ठेवले.

शिक्का बसलेला थेंब कायनेसिन पेशीच्या कडेला नेते. यकृतपेशीत तेथे गुळगुळीत अंतर्द्रव्यजालिका असते. चरबीचे तुकडे करणारी विकरे तिच्यावरच असतात. तेथे थेंब फोडला जातो, त्यातील मेदाम्लांपासून पुन्हा चरबी बनते आणि प्रथिनासह कणात बांधून पेशीबाहेर स्रवते. पेशीत तयार झालेले प्रथिन कोणत्या वाटेने बाहेर पडते, याचा माग जॉर्ज पॅलाडे यांनी काढला होता आणि १९७४ च्या नोबेल पारितोषिकाचे ते एक मानकरी होते. येथे कळले ते असे, की त्या वाटेच्या तोंडाशी कच्चा माल आणून टाकण्यावरही नियंत्रण आहे. जेवलेल्या स्थितीत साठा थोडा, हमाल पुष्कळ. उपाशी स्थितीत साठा प्रचंड, हमाल मोजके. एक राशी वाढते तेव्हा दुसरी घटते आणि गुणाकार जवळपास स्थिर राहतो.

या शोधाला व्यवहारात महत्त्व आहे. रक्तात ट्रायग्लिसराइड वाजवीपेक्षा वाढणे हा आज घरोघरी आढळणारा विकार. मल्लिक यांच्या गटाने कायनेसिनच्या कामात आडवा येणारा एक छोटा पेप्टाइड वापरून पाहिला. चरबीचा स्राव घटला आणि पेशींना उघड अपाय दिसला नाही. मात्र प्रयोगशाळेतील पेशींपासून माणसाच्या औषधापर्यंतचा रस्ता लांब असतो. शिवाय वाशीच्या बाजाराचे उदाहरण पुन्हा आठवून पाहा. माथाडी थांबले आणि आवक चालूच राहिली, तर गोदामाचे काय होईल? यकृतात चरबी साचणे हासुद्धा विकारच आहे. तो टाळून माथाड्यांना किती आवरायचे, याचा विचार तुम्हीही करून पाहा.